गुळाच्या कढईतून गोदावरी

मी पालमला नोकरीला होतो. दुष्काळानंतरच्या उन्हाळ्यात गोदावरीत पाणी टिकलं, म्हणून एका रविवारी मुलांना पक्षी दाखवायला नेलं. तिथं नाव नव्हतीच. लोक गूळ करायच्या कढईत बसून नदी ओलांडत. वल्हवणारी बाई पदर खोचून बसली, पण कढई सारखी गरगरत होती. हिला जमत नाही, म्हणून मी मनातल्या मनात चडफडलो.

वाळूच्या बेटाजवळ एक पक्षीण ओरडत आमच्या डोक्यावर घिरट्या घालू लागली. मी उतरायला निघालो, तशी बाईनं कढई वळवली.

"नगा उतरू. वाळूत अंडी हायत तिची. लेकरांपायी जीव थाऱ्यावर न्हाई."

काठाला लागल्यावर तिनं डावी मूठ सोडली. एवढा वेळ ती एकाच हातानं वल्हवत होती. दुसऱ्या हातात माझ्या धाकटीचा फ्रॉक होता.

त्या मुठीच्या चुण्या घरी पोचल्यावरही तशाच होत्या.