ओपीडी संपली का?

कानात आवाज येतात म्हटलं की मला आधी गोळीचं नाव आठवतं, भुताचं नाही. मी मानसोपचाराची डॉक्टर, नवीन जालन्यात स्टेशनकडे माझा दवाखाना. सासूबाई म्हणतात, "हिला भूत भेटलं तर ही त्याला झोप लागते का विचारील." खरंच विचारीन. तरी हे लिहितेय... (पेशंटचं नाव बदललंय.)

रहीमचाचा जुन्या जालन्यात गाद्या भरायचे. पन्नाशी उलटल्यावर त्यांच्या कानात माणसं शिव्या द्यायला लागली. चाचांनी जेवण सोडलं, तेव्हा सून त्यांना घेऊन आली. रक्त, स्कॅन सगळं बघितलं. शुगर होती म्हणून वजन न वाढवणारी गोळी निवडली, तीही लहान डोसपासून. माझ्याकडे पद्धत अशी — माझी समुपदेशक शाहीन आधी पेशंटजवळ बसते आणि आवाज काय बोलतात ते त्याच्याच शब्दांत उतरवून घेते. मी ते वाचायचं असतं. पण बाहेर चाळीस माणसं ताटकळलेली... मी फक्त टिकमार्क बघते. 'आवाज : आहेत.' दुसऱ्या भेटीतही आहेत. डोस वाढवला.

तिसऱ्या भेटीला चाचा दाढी विंचरून, इस्त्रीचा कुर्ता घालून आले.

"गालीवाले सगळे गेले मॅडम, शुक्र है," म्हणाले. मग — "पर ती पोरगी बी गेली. तिनं कधी गाली न्हाई दिली. बस आपल्या ताईला एकच विचारायची. बेचारीला जवाब भेटला न्हाई."

"काय विचारायची?" मी सहज म्हटलं.

"शाहीनबेटीनं लिवलंय ना, दोन्ही टायमाला."

मी पानं उलटली. पहिली भेट, अवतरणचिन्हांत — 'ताये, ओपीडी संपली का? पट्टी सुकली गं.' दुसऱ्या भेटीतही तेच, शब्द न् शब्द. आणि त्याच्या खाली माझ्या हस्ताक्षरात : डोस वाढवला.

मला 'ताये' म्हणणारं एकच माणूस होतं. माझी धाकटी बहीण, मनू. आम्ही केदारखेड्याच्या. ती होस्टेलवर राहून शिकत होती. तापानं फणफणली तेव्हा खोलीत एकटीच होती, म्हणून तिनं मला फोन केला. मीही तेव्हा शिकाऊ डॉक्टर, ओपीडीत. "गार पाण्याच्या पट्ट्या ठेव, ओपीडी संपली की करते फोन," म्हटलं आणि कट केला. ओपीडी संध्याकाळपर्यंत चालली. मी फोन लावला तेव्हा तिच्या मैत्रिणीनं उचलला आणि रडत सांगितलं, मनू गेली... ते पट्ट्यांचं मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही, आईलासुद्धा नाही. लाज वाटते. मला बहीण होती हे शाहीनला तर माहीतही नाही.

"मॅडम," सून विचारत होती, "अब्बांना आता बराबर वाटून राह्यलं. मंग गोळी कमी करायची का?"

पेन हातात होता. खरं सांगते, लिहावंसं वाटलं. अर्धी गोळी. महिना-दोन महिन्यांत आवाज परत आले असते, त्यात एक तिचा असता. मला फक्त 'हो गं' म्हणायचं होतं, बाकी काही नको होतं. पण शिव्या देणारेही आले असते आणि चाचांचं ताट पुन्हा तसंच राहिलं असतं.

"नाही," मी म्हटलं. "तीच गोळी, तोच डोस. मी सांगितल्याशिवाय कमी करायची नाही."

चाचांनी बाहेर बसून 'ओपीडी' हा शब्द ऐकला असेल, मान्य. पण पट्टी? आणि 'ताये'? जेवढं वाचता येईल तेवढं वाचलं, ओळखीच्या दोघा डॉक्टरांशी बोलले. उत्तर नाही.

त्या दिवशी तीन वाजता शेवटचा पेशंट गेला. शाहीन जेवायला गेली होती. मी दार लोटलं आणि मोठ्यानं म्हटलं, "मने, संपली गं ओपीडी."

बराच वेळ बसून राहिले. काही ऐकू आलं नाही. माझ्या कानात कधीच काही येत नाही.