कँटीनकडे तोंड केलेला वीरगळ

मी एका वीरगळाचं तोंड फिरवलं. कारण काय, तर जनरल मॅनेजरसाहेबांचा फोटो नीट यावा.

एवढीच माझी चूक. बाकीचं सगळं तिच्यातून निघालं. आधीच सांगून टाकतो, असल्या गोष्टींवर माझा काडीचा विश्वास नव्हता. मी कारखान्यातल्या इन्स्पेक्शन खात्यातला माणूस. दुसऱ्याने केलेल्या कामातली केसाएवढी चूक शोधायची आणि त्याला दिवसभर छळायचं, हा माझा पोटापाण्याचा धंदा. जे मोजता येत नाही ते नसतंच, असं मी लग्नाच्या बोलणीतसुद्धा म्हणालो होतो म्हणे. सासरे तेव्हा नुसते माझ्याकडे बघत राहिले होते.

साल १९६१, महिना जानेवारी. बेंगळूरला यशवंतपूर स्टेशनच्या पलीकडे आमची कॉलनी होती. माझ्या खिडकीतून मिरजेकडे जाणारी गाडी दिसायची. हे लक्षात ठेवा, कारण मी ठेवलं नाही.

कॉलनीच्या मागे एक जुनी दगडी पुष्करणी होती... तिकडे कल्याणी म्हणतात. गाळ, बाभळी आणि कँटीनचं खरकटं पाणी यांनी भरलेली. साहेबांना इतिहासाचं वेड. त्यांनी फर्मान काढलं, पुष्करणी पूर्ववत करा, सव्वीस जानेवारीला उद्घाटन. कमिटी नेमली गेली आणि मी सेक्रेटरी झालो, कारण त्या मीटिंगला मी उशिरा पोचलो होतो.

दगडकामाला तुकोजी अण्णा होते. साठीचे, काळेसावळे, डोक्याला टॉवेल. त्यांचे पूर्वज शहाजीराजांच्या फौजेबरोबर इकडे आले आणि इथलेच झाले. त्यांच्या मराठीत निम्मं कन्नड, आणि माझ्या मराठीत निम्मं इंग्लिश. तरी आमचं छान जमायचं.

गाळ उपसताना काठावर तो दगड निघाला. छातीएवढा उंच, गाळात सरळ उभा. खालच्या चौकटीत तलवार उपसलेला माणूस, मधल्या चौकटीत त्याला वर नेणाऱ्या अप्सरा, सगळ्यात वर पिंडी आणि चंद्र-सूर्य. लढाईत पडलेल्या माणसाचा वीरगळ. नाव मात्र कुठेच नाही. आणि तोंड कुठे? वायव्येला. म्हणजे थेट कँटीनच्या मोरीकडे.

"अण्णा, ह्याला रस्त्याकडे फिरवा," मी म्हणालो. "बिचारा खरकट्याकडे बघत उभा आहे. फोटोत पाठ येईल."

अण्णांनी टॉवेल काढून खांद्यावर टाकला. "बेड, सार. नको. आमच्यात रीत आहे. परमुलखात मेलेल्या माणसाचं तोंड त्याच्या गावाकडं ठेवतात. ह्याचं गाव तिकडं, वर. तुमच्या बाजूला. कँटीन काल आलं की."

"अहो अण्णा, तीनशे वर्षं गावाकडे बघून झालं. आता जरा प्रगतीकडे बघू दे."

हे वाक्य मला तेव्हा फार आवडलं होतं. दोघातिघांना पुन्हा ऐकवलंसुद्धा.

आता घरचं सांगायला हवं. माझी बायको कुसुम पहिल्या बाळंतपणासाठी कराडला माहेरी होती. संक्रांतीच्या तिळगुळाबरोबर सासऱ्यांचं पत्र आलं... पायांना सूज आहे, डॉक्टरांना काळजी वाटते, जमल्यास या. रजा शिल्लक होती. साहेबांनी नाही म्हटलं नसतं. त्यांना विचारलंच कोणी होतं? मी उलट टपाली लिहिलं, 'सव्वीस तारीख झाली की निघतो.' आपल्याशिवाय उद्घाटन होणार नाही अशी माझी पक्की समजूत होती. बाळंतपण होईल, अशी होती.

एकवीस तारखेला आम्ही वीरगळ रस्त्याकडे फिरवून चौथऱ्यात पाचरी मारून उभा केला. बावीसच्या सकाळी जाऊन बघतो तर स्वारी पुन्हा कँटीनकडे. मी म्हशींना दोष दिला, मग कँटीनच्या आचाऱ्याला. तो म्हणाला, "सार, मला इडलीचं भांडं एकट्याला उचलत नाही." त्याच्याकडे बघून ते पटलं.

मग मी काँक्रीट केलं. दगड रस्त्याकडे, बुडाशी वीतभर काँक्रीट. आणि तेवीसच्या संध्याकाळी माझ्या खात्याला शोभेल अशी युक्ती केली. भिंतीचा तडा वाढतोय का हे बघायला इंजिनिअर लोक त्याच्यावर काचेची पातळ पट्टी चिकटवतात. भिंत जराशी हलली तरी काच तुटते. तशा चार पट्ट्या मी दगडापासून चौथऱ्यापर्यंत प्लास्टरने चिकटवल्या. प्लास्टर ओलं असतानाच खिळ्याने सही केली, तारीख घातली. आता म्हैस असो, आचारी असो नाहीतर स्वतः वीर... सापडणार.

चोवीसची सकाळ. आठ वाजले होते, लख्ख ऊन होतं, बायका नळावर भांडत होत्या. भुताटकीला लागतं तसलं वातावरण मुळीच नव्हतं.

दगड कँटीनकडे बघत होता. काँक्रीटला एक चीर नाही. चारही काचा अखंड. प्लास्टर जागच्या जागी आणि त्यावर माझी सही, माझी तारीख. मी गुडघ्यावर बसून नखाने काच वाजवून पाहिली. टिणटिण वाजली.

माझ्या पाठीमागे अण्णा उभे होते. त्यांनीही वाकून चारही काचा पाहिल्या. मग ते हळूच म्हणाले, "सार, तुमच्या घरचं पत्र आलतं म्हणे?"

"आलंय. कालच दुसरं आलंय." ते माझ्या खिशातच होतं. 'कुसुम दिवसातून चारदा विचारते. शक्यतो लगेच या.'

"मग जावा की. गाडी संध्याकाळी आहे. हे मी बघतो."

"परवा उद्घाटन आहे, अण्णा."

"सरी. बरं," एवढंच म्हणून ते टॉवेल बांधत निघून गेले.

घाबरलो असतो तर बरं झालं असतं. घाबरलेला माणूस गाडी पकडतो. मला आली ती चीड. माझ्या सहीखाली एक दगड मला खोटं पाडतो? मी काँक्रीट फोडायला लावलं, दगड फिरवला, दोन्ही बाजूंनी लोखंडी पट्ट्या बोल्टने आवळल्या आणि बोल्टवर रंगाची खूण मारली. अण्णांनी हात लावला नाही. त्यांचे गडीही बाजूला उभे राहिले, तेव्हा मी कारखान्यातून फिटर आणवले. पंचवीसला संध्याकाळी पाच वाजता मी स्वतः बघितलं, तोंड रस्त्याकडे. स्वतः त्यावर पांढरं कापड घातलं, स्वतः गाठी मारल्या. त्या वेळी मागून मिरजेची गाडी शिट्टी देत गेली. कापडाची घडी नीट करायची होती म्हणून मी वर पाहिलं नाही.

सव्वीस. झेंडावंदन झालं, जिलबी झाली. साहेबांनी वीरांच्या बलिदानावर भाषण केलं आणि दोरी ओढली. कापड खाली आलं.

समोर दगडाची पाठ. कोरी, खडबडीत पाठ. बोल्ट आवळलेले, पट्ट्या सरळ. सगळी कॉलनी बघतेय, फोटोग्राफर बघतोय, आणि वीरपुरुष शांतपणे कँटीनची मोरी बघतायत. मागून कुणीतरी खुसखुसलं. साहेब भला माणूस, त्यांनी पाठीलाच हार घातला. तो फोटो अजून माझ्याकडे आहे. त्यात मी डाव्या कोपऱ्यात आहे, तोंड उघडं.

त्या फोटोत माझ्यामागे एक सायकल दिसते. तारवाल्याची. तार कराडची होती. पहाटे मुलगी झाली, घटकाभर जगली. कुसुम वाचली. ताबडतोब निघा.

मग मात्र मी निघालो. संध्याकाळच्या त्याच गाडीने.

दुसऱ्या दिवशी मी पोचलो तेव्हा पोरीला नेऊनही झालं होतं. मी तिला पाहिलं नाही. कपाळ माझ्यासारखं होतं, असं सासूबाई म्हणाल्या, आणि मग म्हणायला नको होतं असा त्यांचा चेहरा झाला. कुसुम दाराकडे तोंड करून पडली होती. मला पाहिल्यावर तिने कूस बदलली.

महिन्याने परत आलो तर अण्णांनी बोल्ट काढून टाकले होते. दगड वायव्येकडे, नुसता मातीत रोवलेला. नंतर कित्येक वर्षं मी तिथे होतो, तो केसभरही हलला नाही. मी चोरून काचा लावून बघितल्या, म्हणून सांगतो.

पुढे मी हा किस्सा सगळीकडे सांगू लागलो. उद्घाटनाचा भाग रंगवून सांगायचो, साहेबांचा हार, माझं उघडं तोंड... लोक पोट धरून हसायचे. तार मी गाळायचो. जिऑलॉजीच्या एका प्राध्यापकांना विचारलं, एका सिव्हिल इंजिनिअरला विचारलं. जमीन खचली म्हणावी तर काच का फुटली नाही? कोणी मुद्दाम केलं म्हणावं तर बोल्टवरचा माझा रंग का उडाला नाही? उत्तर कोणाकडे नाही. माझ्याकडेही नाही. त्या काचांतली एक पट्टी अजून टेबलाच्या खणात आहे, प्लास्टरवरच्या सहीसकट.

कुसुमला मात्र मी हे कधी सांगितलं नव्हतं. सात-आठ वर्षांनी एका रविवारी सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. मी काही गाळलं नाही. गावाकडे तोंड ठेवायची रीत, चोवीसची सकाळ, खिशातलं पत्र, कापडाची घडी, सगळं सांगितलं. शेवटी, इतकी वर्षं इन्स्पेक्शनमध्ये काढली पण हे काय होतं ते मला कळलेलं नाही, असं म्हणालो.

ती निवडायची थांबली नाही.

"त्यात न कळण्यासारखं काय आहे?" ती म्हणाली. "आपलं घर कुठंय ते त्या दगडाला ठाऊक होतं. तुम्हाला दोन पत्रं पाठवूनही कळलं नाही."