लाल ठिपका गोल दिसेना

मंडळी, कापसाच्या व्यापारात रोकड जवळ बाळगावी लागते, म्हणून माझ्या कमरेला परवान्याचं पिस्तूल असतं. त्यावर नेम धरायला लाल ठिपका दाखवणारी काच बसवायची म्हणून आज बंदुकीच्या दुकानात गेलो होतो.

पहिल्या काचेत ठिपका पसरलेला दिसला. दुसरीत बी तसाच. मी चिडलो, "लय हलका माल ठेवलाय तुमी."

दुकानदारानं त्याच काचेतून मोबाइलवर फोटो काढून दाखवला. फोटोत ठिपका एकदम गोल.

"भाऊ, काच चांगली हाय. डोळे तपासून घ्या."

गावी मानवतला घरी येऊन बायकोला हसत हसत सांगितलं. ती हसली न्हाई. म्हणाली, "मग अंधारात दारात आपलंच माणूस आलं, तर वळखाल का?"

आता पिस्तूल कपाटात हाय, किल्ली तिच्याकडं. हत्याराचा परवाना काढल्यापासून तुमच्यापैकी किती जणांनी डोळे तपासलेत?