सर्व संबंधितांना

रायपूर राजधानी झाल्यापासून इथे मंत्री आले, सचिव आले. पण रोज पहाटे स्वतःच स्वतःला अहवाल सादर करून, तो स्वतःच ऐकून, वर स्वतःलाच दोन शब्द सुनावणारा माणूस अख्ख्या राजधानीत एकच, आणि तो माझ्या नशिबी साडभाऊ म्हणून आला आहे. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे, म्हणजे ताईंचे, हे यजमान. त्यांचा जन्म रेल्वेच्या कंट्रोल ऑफिसात गेला. रोज सकाळी साहेबाचा फोन यायचा, "हां, पोझिशन बताओ," आणि हे कोणती मालगाडी कुठे अडली, कुठलं इंजिन रुसलं, ते घडाघडा सांगायचे. निवृत्तीनंतर चौबे कॉलोनीतल्या घरात सगळं होतं, फक्त पोझिशन विचारणारं कोणी नव्हतं. सकाळ झाली की हे नुसते फोनकडे बघत बसत. मला ते बघवत नसे.

मग त्यांनी गावातल्या मराठी घरांसाठी ईमेलने साप्ताहिक पत्र काढलं. कोणाची मुलगी पास झाली, कोणाचा कूलर विकायचा आहे, हळदीकुंकू कुठे आहे, असं सगळं त्यात असे. त्यापाठोपाठ, कॉम्प्युटरशी पुष्कळ दिवस भांडून, त्यांनी एक व्यवस्था बसवली. सकाळी सहाला ती त्यांचे ईमेल, कॅलेंडर आणि पत्र कोणी उघडलं याचे आकडे गोळा करते आणि खणखणीत आवाजात वाचून दाखवते. हे शर्ट खोचून, उभ्याने ऐकतात. कॅलेंडरात लोणच्याची बरणी हलवण्यापासून सगळं भरलेलं. एकदा यंत्राने ताकीद दिली की सत्यनारायण आणि केस रंगवणं एकाच वेळी येतं आहे, तर यांनी सत्यनारायण पुढे ढकलला. एकदा कुठल्याशा चादरीच्या दुकानाची जाहिरात वाचून यंत्र गंभीरपणे म्हणालं, "आज तुमची शेवटची संधी आहे." यांचा चेहरा उतरला. ताई पोहे परतता परतता म्हणाल्या, "तुमची शेवटची संधी त मीच होती. आता काहून घाबरून राहिले?"

पण खरा जीव त्या आकड्यांत. लग्नाच्या पंगतीत जिलबी तोंडाशी नेताना हे मागून येऊन विचारणार, "साडभाऊ, मंगळवारी तुम्ही पत्र उघडलं, पन खाली काही गेलेच नाही. काहून?" लोक यांना लांबून पाहिलं की घाईघाईने मोबाइल काढून पत्र उघडू लागले. तरुण मंडळी मात्र बधली नाहीत. "अंकल, मराठी समझते हैं, पढ़ते नहीं," म्हणून मोकळी झाली. आकडे घसरतच गेले, आणि एका सकाळी यंत्रानेच सल्ला दिला की पत्र हिंदीत काढावं, नाहीतर बंद करावं. त्या दिवशी साडभाऊ जेवले नाहीत.

हार मानतील तर ते रेल्वेचे कसले? नुसत्या आकड्यांवर काम चालत नाही, प्रत्येकापुढे शेरा पाहिजे, असं त्यांनी ठरवलं. रात्रंदिवस खपून यंत्राला शेरे शिकवले, आणि जन्माच्या सवयीने सूचनेखाली टाइप केलं: ‘प्रत सर्व संबंधितांना.’ यंत्र बिचारं आज्ञाधारक. दुसऱ्या सकाळी यांची खासगी पोझिशन घरोघर पोचली. माझ्यापुढे, माझ्या मोहल्ल्याच्या नावासकट, होतं, "ब्राह्मणपाऱ्याचे साडभाऊ. उघडतात, वाचत नाहीत. संध्याकाळी जाणे, खिचडी असल्यास थांबणे." उरला या कारखान्यांच्या भागातल्या एका काकांपुढे होतं, "मुलाच्या लग्नात आपल्याला दुसऱ्या पंगतीत बसवलं, तरी पत्र चालू ठेवणे." आणि ताईंपुढे, "उघडत नाही. म्हणते, समोर बसलेल्या माणसाचं पत्र काय उघडायचं."

दिवसभर फोनवर शिव्या खाऊन त्यांनी यंत्र बंद केलं. "आता पत्र बी नाही न् पोझिशन बी नाही," मला म्हणाले. आवाज असा होता की मी दुसऱ्या दिवशी उजाडताच त्यांच्याकडे गेलो. सहा वाजले. यंत्र बंदच. शर्ट न खोचता बसलेले साडभाऊ मी पहिल्यांदाच पाहिले.

तेवढ्यात फोन वाजला. उरल्याचे काका होते, फोनवरही सगळ्या खोलीला ऐकू जाईल असे बोलणारे. "काहो, आज पोझिशन नाही आली? माह्यापुढं काय लिहिलं आज?" तो ठेवतात तोच एका पोरीचा. "अंकल, आज वाला कब भेजोगे? कल मैंने आई को पूरा पढ़कर सुनाया. अटक अटक के, पर सुनाया."

साडभाऊ उठले. शर्ट खोचला. घसा खाकरून म्हणाले, "हव. घे, सांगतो." ताईंनी कुकरखालचा गॅस बंद केला, शिटीने मधे बोलू नये म्हणून. त्या दोघांकडे बघताना माझेच डोळे भरून आले.

माझीही निवृत्ती आता फार दूर नाही. हल्ली सहा वाजले की मी त्यांना फोन लावतो, पोझिशन विचारायला. बहुतेक सकाळी लाइन बिझी लागते, आणि त्याचा मला फार आनंद होतो.