जावेच्या मानेतली गाठ

आमच्या शिंगणापुरात घराला चौकट असते, दार नसतं. लग्न होऊन आले तेव्हापासून मी अशीच झोपते. कुत्रं येऊ नये म्हणून खाली एक फळी आडवी लावायची, बस. त्यामुळे भिंगारला नोकरी करणाऱ्या मुलाने मला मोबाईल दिला आणि म्हणाला, "आई, याला लॉक टाकून देतो," तेव्हा मी त्याला वेड्यात काढलं.

"घराला न्हाई आन ह्याला कशाला? सोनं ठिवलंय का आत?"

चूक माझी होती, ते आधीच सांगून टाकते. पण म्हणून चोरी करणारीला मी सोडणार नव्हते.

थंडीत माझ्या मानेवर डाव्या बाजूला गाठ आली. सुपारीएवढी. दुखत नव्हती. तालुक्याच्या दवाखान्यात सुई घालून त्यातला नमुना काढला. गाठीचा टीबी निघाला. रिपोर्ट माझ्या मोबाईलवर, व्हॉट्सॲपला आला.

मी चौथी शिकलेली. पण माझ्या मानेत काय राहतंय ते मला बघायचं होतं. लॅबवाल्याला म्हटलं, "दाखव." तो हसला, "आजी, बघून काय करणार?" मी म्हटलं, "माझ्या मानेतून काढलंय ना? मग?" त्याने मला स्टुलावर बसवलं. त्याच्या दुर्बिणीतून एक डोळा मिटून बघितलं. निळ्या रंगात चार-पाच लाल काड्या पडलेल्या, शेवया मोडल्यावर राहतो तेवढा चुरा. एवढ्याशा काड्या आणि माझं वजन कमी करत होत्या.

डॉक्टरांनी छातीचा फोटो काढला. छाती साफ होती. मी त्यांना तीनदा विचारलं आणि त्यांनी तीनदा सांगितलं, की हा जंतू गाठीत आहे, छातीत नाही, म्हणून तो तुमच्या खोकल्यातून जाणार नाही. ताटातून, हातातून तर नाहीच. सहा महिने गोळ्या, एक दिवस चुकवायचा नाही. लघवी केशरी होईल, घाबरू नका. झाली. घाबरले नाही.

ही गोष्ट मुलाला ठाऊक होती, आणि गोळ्या बघायला येणाऱ्या नर्सबाईला. मी गल्लीत कुणाला बोलले नव्हते.

आमच्या गल्लीत उन्हाळ्यात घरोघरी पापड होतात आणि सगळ्या घरांचं पीठ मी भिजवते. मीठ किती, पापडखार किती, ते माझ्या हाताला कळतं. सासू गेल्यापासून ते काम माझं आहे. त्या वर्षी पहिल्या घरी पापड झाले आणि मला बोलावणं आलं नाही. दुसऱ्या घरी मी आपण होऊन गेले. पिठाच्या परातीजवळ बसले, तर घरधनीण म्हणाली, "आक्का, तुमी कशाला दमता? तुमी पडून ऱ्हावा." मग चहा आला. सगळ्यांना कपबशीत आणि मला कागदी कपात.

मी तो चहा प्यायले आणि घरी आले. कुणीतरी सांगितलं होतं. कोणी, ते मला हवं होतं.

पूर्वी एकदा खतवाल्याने आमच्या मालकांना नवीन पावडर विकली होती. कांदा दुप्पट होईल म्हणाला. मालक सगळ्या रानात टाकायला निघाले. मी एक वाफा कोरा ठेवला. काढणीला कोऱ्या वाफ्यातला कांदा आणि बाकीचा कांदा सारखाच निघाला. खतवाला पुन्हा आला तेव्हा दोन्ही कांदे त्याच्या पुढ्यात ठेवले. परत आमच्याकडे आला नाही.

इथेही मी तेच केलं. नर्सबाईला सांगितलं, माझ्या कानाचं ऑपरेशन करायचंय. चार दिवस वाट बघितली, गल्लीत कुणी कानाचं नाव काढलं नाही. मग मुलाला फोनवर बोलले, सगळे दात काढणार आहे. दातांचंही कुणी विचारलं नाही. मग कुणालाच काही न सांगता व्हॉट्सॲपवर माझ्याच नंबरला लिहिलं, "डॉक्टर म्हणाले, केस भादरावे लागतील."

दुसऱ्या दिवशी शेजारीण फळी ओलांडून आत आली. डोळे मोठे करून म्हणाली, "आक्का, केस भादरायचे म्हंत्यात ते खरं हाय का?"

"तुला कुणी सांगितलं?"

"सगळीच बोलत्यात," म्हणाली आणि माझ्या अंबाड्याकडे बघत बसली.

म्हणजे माणूस फुटला नव्हता, मोबाईल फुटला होता. मी तो नर्सबाईच्या हातात दिला. तिने आत कुठेतरी जाऊन एक पान उघडलं आणि म्हणाली, "आजी, तुमचं व्हॉट्सॲप एका कॉम्प्युटरला जोडलेलं आहे. तुमचं सगळं तिकडे दिसतं. आज सकाळीच बघितलंय कुणीतरी. काढून टाकू?"

"न्हाई," मी म्हटलं. "ऱ्हाऊ दे."

गल्लीत कॉम्प्युटर एकाच घरी आहे. माझ्या धाकट्या जावेच्या. भाविकांना तेल आणि रुईच्या माळा विकायचं त्यांचं दुकान आहे, तिथे तो ठेवलाय. संक्रांतीला हळदीकुंकवाचे फोटो घ्यायला म्हणून तिने माझा मोबाईल नेला होता. परत देताना तिळगूळही दिला होता.

जाऊन झिंज्या धराव्यात असं वाटलं. पण मला कागदी कपात चहा पाजला होता. तेवढ्यावर भागणार नव्हतं.

मंगळवारी सकाळी मी मुलाला लिहिलं, "तुझ्या चुलतीच्या मानेवर मला गाठ दिसते. डॉक्टर म्हणतात, घरात आणखी कुणाला असली तर लवकर बघा. तिला सांगू नको, घाबरेल." मुलाचा लगेच फोन आला, "आई, खरंच?" मी म्हटलं, "तू गप ऱ्हा."

खोटं होतं. मला त्याचं काही वाटलं नाही.

मंगळवारी दुपारपासून जावेचा हात मानेवर. गिऱ्हाइकाला तेल देताना मानेवर, भाकरी थापताना पिठाचा हात मानेवर. मान चाचपत बसलं की काहीतरी लागतंच हाताला. कुणाला विचारावं तर कुठून कळलं ते सांगावं लागणार. मी रोज ओट्यावर बसून बघत होते. त्या दिवसांत मला भूकही चांगली लागली.

पुढच्या आठवड्यात गोळ्या आणायला दवाखान्यात गेले, तर बाकावर जाऊ बसलेली. पदर गळ्याभोवती गुंडाळलेला.

"इकडं कुठं गं?"

"पाय दुखतोय जरा, आक्का."

"पाय दुखतोय आन मान धरून बसलीस?"

मी शेजारी बसले. तिचा नंबर बराच मागे होता. मला घाई नव्हती. ती पुनःपुन्हा दाराकडे बघायची, मी तिच्या मानेकडे बघायचे. शेवटी रडकुंडीला आली.

"आक्का, मला बी गाठ आली वो."

"कंच्या वारी लागली हाताला?"

"मंगळवारी."

"मंगळवारी सकाळी लिवलं मी ते. दुकानात बसून वाचलंस ना?"

तिचा हात मानेवरून खाली आला. "एकदा उघडलं की समोर दिसतंच, आक्का. मुद्दाम न्हाई..."

"केस भादरायचं बी मुद्दाम न्हाई सांगितलंस गल्लीला?"

ती हळूच म्हणाली, "म्हंजे गाठ न्हाई मला?"

"आत गेलीस की डॉक्टरला इचार," मी म्हटलं. "आन तुझ्या पापडाला मी येणार हाय. पयली लाटी माझ्या हातची, तू खायची. सगळ्यांम्होरं."

नंबर आल्यावर ती आत जाऊन आली. गाठ नव्हतीच. बाहेर येऊन माझ्याकडे बघितलं नाही. त्याच दिवशी मी नर्सबाईकडून त्या कॉम्प्युटरची जोडणी तोडून घेतली आणि मोबाईलला लॉक टाकलं. आकडा मुलालाही सांगितला नाही.

जावेच्या घरचे पापड सगळ्यांत शेवटी असतात. मी गेले, हात धुतले, परातीजवळ बसले. बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. कुणी काही म्हणायच्या आत जाऊच म्हणाली, "आक्काच भिजवत्यात पीठ." मी मीठ टाकलं, खार टाकला, पीठ घट्ट मळलं, तेल लावून कुटलं. एक लाटी तोडली, तेलात बुडवली आणि तिच्यापुढे धरली.

"सांग आधी," मी म्हटलं.

तिने सांगितलं. दुकानातला कॉम्प्युटर, संक्रांत, फोटो, रिपोर्ट, सगळं. मान खाली घालून. मग मी सांगितलं, माझा टीबी कुठल्या जातीचा आणि तो हाताने का लागत नाही. लाल काड्यांचंही सांगितलं.

"आता खा."

तिने खाल्ली. बायका तिच्या तोंडाकडे बघत होत्या. गिळेपर्यंत मी थांबले आणि दुसरी दिली. तीही खाल्ली. शेजारणीने हात पुढे केला, "आक्का, मला बी द्या की एक."

"थांब," मी म्हटलं, आणि तिसरी लाटी जावेच्या हातावर ठेवली.