पिनकाकांचं पित्त

सुनेने एक गुपित पोटात ठेवलं होतं आणि ते सांभाळता सांभाळता बिचारीच्या नाकी नऊ आले होते. दुरुस्तीचं दुकान सासऱ्यांचं. अख्खा बाजार त्यांना पिनकाका म्हणायचा, कारण कॉम्प्युटरच्या केबलची वाकलेली पिन सरळ करावी तर त्यांनीच. पण हल्ली त्यांचा उजवा हात थरथरायला लागला होता. ते बोलले नाहीत, हिने विचारलं नाही. नाजूक काम आलं की ही आपली म्हणायची, "बाबा, जरा चहा आणता का?" बाबा किटली घेऊन कोपऱ्यावरच्या चहाच्या टपरीवर गेले की ही सोल्डरिंग, म्हणजे तारांना डाख द्यायचं काम, उरकून घ्यायची. ते आल्यावर वर मखलाशी, "तुम्ही केलंच होतंत सगळं, मी नुसतं शेवटचं टोक जोडलं." बाबा "हं" म्हणायचे.

घरी सासूबाईंचं वेगळंच. "एवढं पित्त होतंच कसं यांना? खाणं तर माझ्या हातचं!" बाबा गुपचूप गोळी घ्यायचे.

आणि एके दिवशी वाचनालयातल्या बाई आल्या, जुना मॉनिटर तान्ह्या लेकरासारखा छातीशी धरून.

"काका, केबलवरून चाकाची खुर्ची गेली हो! बघा काय दशा झालीय."

कनेक्टर पार चपटा, दोन पिना आतच मोडलेल्या. केबल बदलावी तर ती थेट मॉनिटरच्या पोटातून आलेली. म्हणजे जुना कनेक्टर कापा, नवा घ्या आणि केसाएवढी एकेक तार आपापल्या जागी जोडा.

"पण काकांनीच करायचं हं! मागचं काम काय झकास झालं होतं! दुसऱ्या कुणाचा हात नको. मी बसते इथेच." आणि बाई खरंच ठाण मांडून बसल्या.

सुनेची नजर किटलीकडे गेली. बाबांचा हात थरथरताना बाईंनी पाहिला तर संध्याकाळपर्यंत बाजारभर होणार. आणि मग हा मानी माणूस दुकानाची पायरी पुन्हा चढणार नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

"बाबा, आधी चहा..."

"चहाचं नाव काढू नकोस!" बाबा कडाडले. त्यांनी सोल्डरिंग गन उचलली. टोक लटलट हलत होतं. बाई बघतच राहिल्या. बाबांनी क्षणभर स्वतःच्या हाताकडे पाहिलं आणि गन सुनेच्या हातात दिली.

"बाई, हात आता हिचा चालतो इथे. मागच्या कामाची एवढी तारीफ केलीत ना, तेही हिचंच."

झालं! आता सुनेचाच हात थरथरायला लागला.

"तू थरथरू नकोस गं, घरात एक पुरे," बाबा म्हणाले, तशा वाचनालयातल्या बाई खो खो हसल्या आणि सुनेचा जीव जरा भांड्यात पडला.

तिने एकेक तार जोडली. मॉनिटर लावून बघतात तर चित्र पिवळंधमक.

"अगंबाई! कावीळ झाली की काय याला?" बाई ओरडल्या.

"निळ्या रंगाच्या तारेचा जोड सुटलाय," बाबा जागेवरूनच म्हणाले. सुनेने तो पुन्हा केला आणि पडदा लख्ख पांढरा झाला. बाई खुशीत गेल्या.

त्यांची पाठ वळताच सुनेने विचारलं, "बाबा, तुम्हाला कधी कळलं?"

"पहिल्याच दिवशी. माझा सोल्डरचा थेंब गोल बसतो, तुझा तिरपा."

"मग बोलला का नाहीत?"

"मी समोर असलो की तू बावरायचीस. एकटी असलीस की छान करायचीस. म्हणून बसायचो कोपऱ्यावर. पण तुझं काम म्हणजे अगदी निवांत! ते होईस्तोवर मी तिथे कपावर कप रिचवतोय. पित्त काय उगाच झालं मला?"

सुनेला हसूही फुटलं आणि डोळेही भरून आले. तिने किटली उचलली आणि वरच्या फळीवर पार मागे सारली.

"पाणी देऊ, बाबा?"

"दे. आणि तो मोडका कनेक्टर आण इकडे. थेंब गोल कसा बसवायचा ते सांगतो. हात तू चालव."