दाराच्या फटीतलं पान

अमिनिएलकाका आमच्या पहिल्याच भेटीत इतक्या जोरात ओरडले, की किलिमांजारोच्या डोक्यावरचा ढग घाबरून खाली मोशीच्या बाजारात जाऊन बसला. माझा गुन्हा एवढाच, की त्यांच्या कुंपणातल्या इसालेचा पांढरा तुरा मी हुंगला होता. आमच्याकडे बांधावर हेच झुडूप लावतात, आणि ते हलवणं म्हणजे पाप. शेजारच्या न्देरिंगोनं ते वीतभर सरकवलं, असा काकांचा आरोप होता. एकेकाळी एकाच कोरलेल्या भोपळ्यातून केळ्याची बिअर पिणारे हे दोघे मित्र त्यावरून आठ वर्षं एकमेकांकडे पाठ करून केळी कापत होते.

एका सकाळी काकांच्या दाराच्या फटीत गाठ मारलेलं इसालेचं पान सापडलं. हे पान म्हणजे माफीची मागणी, आणि ती नाकारता येत नाही. पण मागतंय कोण? आणि कशाची? काकूंना विचारावं तर त्या पहाटेच माहेरी गेलेल्या. काकांनी शेळ्या तपासल्या, सगळ्या जागेवर. केळीचे घड पाहिले तर एक जास्तच भरला. त्यानं ते आणखीच चक्रावले.

“न्देरिंगोचंच असणार,” मी म्हणालो.

“आणि नसलं तर? आपण होऊन त्याच्या दारात गेल्यासारखं होईल.” मग हळूच म्हणाले, “असलं तर मात्र बरं होईल रे.”

तीन दिवस पान खिशात घालून ते गावभर हिंडले. पाद्रीबाबांकडेही संशयानं बघून झालं. पान सुकत चाललं, तसे काकाही. चौथ्या दिवशी ते कुंपणाशी जाऊन उभे राहिले.

“माफ केलं तुला.”

न्देरिंगोचा कोयता हवेतच थांबला. “कशाबद्दल?”

“ते तू सांग.”

“मला काय माहीत?” त्यानं कोयता कुंपणाला टेकवला. “बरं, केलंच आहेस तर राहू दे. बिअर तयार आहे. येतोस?”

संध्याकाळी काकू परतल्या, तर दोघे अंगणात एकाच भोपळ्यातून पीत बसलेले.

“पान मिळालं ना?” त्या चाचरत म्हणाल्या. “इस्त्री करताना तुमचा कोट जळला हो.”

काकांनी काकूंकडे पाहिलं, न्देरिंगोकडे पाहिलं, मग माझ्या कानाशी लागले. “दिलेली माफी परत घेता येते का रे?”

“नाही.”

त्यांनी भोपळा पुन्हा तोंडाला लावला.

दोन वर्षांनी न्देरिंगो वारला. काका माझा कोट घालून मातीला गेले. तो कोट मला परत मिळाला नाही.